हिजरी सनाची सुरुवात पैगंबरांच्या जन्मापासून न धरता इ.स. ६२२ पासून का धरतात?

कारण त्या वर्षी मुहंमद पैगंबर मक्का सोडून यस्रिबला, म्हणजे पुढच्या मदीनेला, गेले आणि तोवर छळ सोसणाऱ्या अनुयायांच्या छोट्या गटाला स्वतःचा असा समाज उभारता आला. इ.स. ६१०च्या सुमारास उपदेशाला आरंभ झाला, तेव्हा काबागृहाची व्यवस्था आणि व्यापार हाती असलेल्या मक्केतील कुरैश टोळीने त्याला कडवा विरोध केला. ६१९ मध्ये पत्नी खदीजा आणि पाठीराखे चुलते अबू तालिब निवर्तल्यावर मक्केत राहणे धोक्याचे झाले. उलट, यस्रिबमधील औस व खजरज ही टोळ्यांची जोडी आपसांतील वैराने जेरीस आली होती व तिला तटस्थ मध्यस्थ हवाच होता.

या घटनेवरून कालगणना मात्र दुसरे खलिफा उमर यांनी सुमारे सोळा वर्षांनी सुरू केली. राज्य पसरल्याने पत्रव्यवहारात तारखांचा घोळ होत होता, असे परंपरा सांगते. (गंमत म्हणजे स्थलांतर रबीउल अव्वल महिन्यातले, पण वर्षारंभ प्रचलित मोहरमचाच ठेवला.) ही गणना किती लवकर रुजली याचा पुरावा इजिप्तमधल्या एका साध्या पावतीत आहे: अरब सैन्याला दिलेल्या ६५ मेंढ्यांची ही ग्रीक व अरबी पावती पपायरसवर लिहिलेली असून तिच्यावर वर्ष २२, म्हणजे इ.स. ६४३, नोंदलेले आहे.