वायफायचा ‘इंटरफिअरन्स’: हस्तक्षेप, व्यतिकरण की व्यत्यय?

ऐरोलीच्या एका वाचकांना सोसायटीच्या फलकावर ‘शेजारच्या राउटरांच्या हस्तक्षेपामुळे वायफाय मंदावते’ अशी सूचना लावायची असून, ‘हस्तक्षेप’ योग्य की पाठ्यपुस्तकातला ‘व्यतिकरण’, असा त्यांचा प्रश्न आहे.

हस्तक्षेपामागे कोणाचा तरी हेतू गृहीत असतो आणि राउटरला तो नसतो, म्हणून हा शब्द मला येथे पटत नाही. ‘व्यतिकरण’ शास्त्रशुद्ध आहे, परंतु ज्यांच्या कलांमधील (म्हणजे चढउताराच्या टप्प्यांमधील) फरक स्थिर असतो अशा लहरी एकमेकींत मिसळून काही जागी प्रबळ आणि काही जागी क्षीण होतात, त्या घटनेशी ती संज्ञा भौतिकीत प्रामुख्याने जोडलेली आहे. दोन घरांच्या राउटरांत असे नाते नसते. परक्या संदेशाच्या गलबल्यातून आपला संदेश वेगळा काढणे यंत्राला जड जाते, एवढेच. त्या परिणामाला ‘व्यत्यय’ म्हणावे. प्रक्षेपणातला व्यत्यय आपल्याला दूरदर्शनच्या काळापासून परिचित आहेच. (‘बाधा’ही चालेल, पण तिच्यामागोमाग भूतबाधा आठवते.)

मात्र वायफाय मंदावण्याचे प्रत्येक कारण व्यत्यय नव्हे. वायफाय वापरते त्या २.४ गिगाहर्ट्झच्या वारंवारता-पट्ट्यात चॅनेलांचे, म्हणजे त्याच्या क्रमांक दिलेल्या उपविभागांचे, मध्य ५ मेगाहर्ट्झ अंतरावर असतात, तर प्रत्येक चॅनेल सुमारे २० मेगाहर्ट्झ रुंद असते. त्यामुळे १, ६ आणि ११ ही चॅनेले एकमेकांवर चढत नाहीत, पण एकाने १ आणि शेजाऱ्याने ३ निवडले तर खरा व्यत्यय येतो. दोघेही ६ वर असतील, तर प्रत्येक राउटर आधी कानोसा घेतो, दुसऱ्याचे प्रसारण ऐकू आल्यास थांबतो आणि मग आपला संदेश पाठवतो. याला मी ‘खोळंबा’ म्हणेन, कारण येथे संदेश बिघडण्यापेक्षा ताटकळतोच अधिक.

असा अनेकांनी मिळून वापरायचा पट्टा म्हणजे ‘शेअर्ड स्पेक्ट्रम’; त्यासाठी काही जण ‘वाटप केलेला’ लिहितात, तेही टाळावे. वाटप झाले की ज्याचा त्याचा हिस्सा वेगळा होतो. मोबाइल कंपन्यांना लिलावात मिळणारे पट्टे तसे असतात. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५पासून ठरावीक शक्तिमर्यादेत परवानामुक्त आहे आणि नियमांनुसार तेथे कोणाचाही अनन्य हक्क नाही: दुसऱ्याला व्यत्यय आणू नये आणि आपल्याला आला तर संरक्षण मागू नये. सामाईक जिन्यावर एखाद्याच सदनिकेचा हक्क नसतो, तसाच हा ‘सामाईक’ पट्टा.

फलकावर इतके पुरेल: ‘राउटरांच्या परस्पर व्यत्ययामुळे वायफाय मंदावत असल्याने सभासदांनी १, ६ किंवा ११ हेच चॅनेल निवडावे.’