एआय एजंटला दिलेल्या टूलचे वर्णन किती सविस्तर असावे?

प्रश्न : आमच्या औषध वितरण व्यवसायातील साठ्याच्या नोंदी पोस्टग्रेएसक्यूएल डेटाबेसमध्ये आहेत. एकाच विनंतीत अनेक नोंदी बदलणारे टूल तयार करून मी ते एमसीपी (एआयला बाहेरची टूल जोडण्याची प्रमाण पद्धत) सर्व्हरमार्फत एआय एजंटला, म्हणजे टूल वापरून स्वतः कामे करणाऱ्या एआय प्रणालीला, जोडले. त्याच्या वर्णनात ‘अनेक नोंदी अद्ययावत करते’ एवढेच लिहिले होते. चाचणीच्या वेळी एजंटने साठ्याचे आकडे बदलताना दराचे रकाने रिकामे केले, आणि उत्तर येण्यास उशीर होताच तीच विनंती पुन्हा पाठवली. हा दोष मॉडेलचा की माझ्या वर्णनाचा? वर्णनात नेमके काय असावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही घटनांचे मूळ बहुतांशी त्या एका ओळीत आहे, असे माझे मत आहे. प्रोग्रामर अडला तर कोड उघडून पाहतो किंवा सहकाऱ्याला विचारतो. एजंटपुढे मात्र टूलचे नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा (कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा) एवढेच असते, आणि तेथे जे लिहिलेले नाही ते तो अंदाजाने भरून काढतो.

आधी रिकाम्या झालेल्या दरांविषयी. विनंतीत दर दिलाच नाही तर जुना दर कायम राहतो की पुसला जातो, आणि दराच्या जागी ‘नल’ (मूल्य नाही असे सांगणारी खूण) पाठवले तर काय होते, या दोन बाबी वर्णनात स्वतंत्र वाक्यांत सांगाव्यात. एअरटेबल या ऑनलाइन डेटाबेस सेवेच्या एपीआयमध्ये (इतर प्रोग्रामनी वापरायच्या जोडणीत) यासाठी दोन वेगळ्या पद्धती आहेत : ‘पॅच’ केवळ दिलेली फील्ड (रकाने) बदलते, तर ‘पुट’ न दिलेली फील्ड रिकामी करते. आपले टूल यांपैकी कोणत्या रीतीने वागते, हे एजंटला आपणच सांगितले पाहिजे.

सर्वाधिक काळजी घ्यावी ती बॅच (एकत्र पाठवलेल्या नोंदींचा गट) अर्धवट यशस्वी होण्याच्या प्रसंगाची, आणि नेमका हाच भाग बहुतेक वर्णनांतून गळालेला असतो. चाळीस नोंदी पाठवल्या आणि सदतिसावी चुकीची निघाली, तर आधीच्या छत्तीस बदलल्या गेल्या की नाही? ॲमेझॉनच्या डायनामोडीबी या डेटाबेसमधील ‘बॅच राइट आयटम’ ही क्रिया एका वेळी जास्तीत जास्त २५ विनंत्या घेते, पण ती सर्व मिळून एकसंध नसते, म्हणजे काही विनंत्या पार पडून काही राहू शकतात. ज्या पार पडल्या नाहीत त्यांची यादी ती परत देते आणि तेवढ्याच पुन्हा पाठवायच्या असतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये सर्व बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे होतील किंवा एकही नाही अशा गटात) ठेवले, तर एका चुकीने ते सगळेच मागे घेता येतात. औषधांच्या साठ्यासाठी मी दुसरा मार्ग सुचवेन, कारण त्यात ‘एकही नोंद बदललेली नाही’ या एका वाक्यात एजंटला परिस्थिती कळते. मात्र एक गोष्ट ध्यानात असू द्यावी : अस्तित्वात नसलेला आयडी दिला, तर पोस्टग्रेएसक्यूएल त्यास चूक मानत नाही; शून्य ओळी बदलल्या असे सांगून ते पुढे जाते. म्हणून न सापडलेले आयडी टूलने उत्तरात वेगळे द्यावेत, आणि ते दिले जातात हे वर्णनात नमूद करावे.

चुकीचा संदेश हादेखील दस्तऐवजाचाच भाग समजावा. ‘अवैध इनपुट’ या संदेशावरून एजंटला काहीच सुधारता येत नाही. ‘नोंद ३७ : दर हा आकडा हवा, १२०/- असा मजकूर मिळाला, एकही नोंद बदललेली नाही’ असा संदेश मिळाला, तर पुढची विनंती बहुधा योग्य येते.

पुन्हा पाठवलेल्या विनंतीचा परिणाम टूलच्या रचनेवर अवलंबून आहे. ‘साठा १२ करा’ ही विनंती दोनदा आली तरी साठा १२ च राहतो. ‘साठ्यातून १२ वजा करा’ ही दोनदा आली तर २४ वजा होतात. शक्य असल्यास पहिला प्रकार ठेवावा. दुसरा अपरिहार्य असेल, तर प्रत्येक विनंतीसोबत स्वतंत्र ओळखक्रमांक मागावा, आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यास बदल न करता आधीचेच उत्तर मिळेल, असे वर्णनात स्पष्ट लिहावे.

आपल्या टूलसाठी वर्णनाचा आरंभ असा करता येईल : ‘आधीपासून असलेल्या औषध-नोंदींमधील दिलेली फील्डच बदलते, नवीन नोंद तयार करत नाही. न दिलेले फील्ड जसेच्या तसे राहते. नल दिल्यास पुसले जाते. एक नोंद चुकली तर संपूर्ण बॅच रद्द होते.’ यापुढे एका विनंतीतील नोंदींची कमाल मर्यादा आणि खऱ्या फील्डनावांसह एक उदाहरण द्यावे.

एमसीपीमध्ये टूल विनाशकारी आहे का, पुन्हा चालवल्यास परिणाम तोच राहतो का, हे कळवणाऱ्या खुणाही आहेत. त्या अवश्य भराव्यात, परंतु त्या केवळ सूचना आहेत. एजंटला त्या ओलांडण्यापासून काहीही रोखत नाही. दराचे फील्ड एजंटने कधीच बदलू नये असे असेल, तर तो प्रतिबंध डेटाबेसमधील त्या युजरच्या परवानग्यांतच घालावा. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये बदलाची परवानगी ठरावीक कॉलमपुरती देता येते.