आधी कागद टेबलावर येऊ दे

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. गुणात्मक (मुलाखती, निरीक्षणं) आणि मिश्र (मुलाखतींसोबत आकडेही) पद्धतीनं संशोधन करणाऱ्यांचा अभ्यासगट काढायचं तुम्ही मनावर घेतलंय, याचा आनंद झाला. सोबतची कार्यक्रमपत्रिका मात्र खोडून टाक. उद्घाटन, बीजभाषण, मग दर महिन्याला एका तज्ज्ञाचं व्याख्यान आणि शेवटी प्रमाणपत्र. अगं, मराठवाड्यात पावसाचा दुष्काळ पडतो, कार्यशाळांचा कधी पडला नाही. प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ यातच बारा वाजतात आणि जेवण झालं की अर्धं सभागृह एसटी गाठायला निघतं. ग्राउंडेड थिअरीसारखी संशोधनपद्धत म्हणजे काय हे सांगणारी व्याख्यानं यूट्यूबवर पडून आहेत. मिळत नाही ते वेगळंच आहे. तू घेतलेल्या मुलाखतीचं एक पान दुसऱ्या कुणी तरी नीट वाचलंय, असं पीएच.डी.च्या सगळ्या वर्षांत किती वेळा घडतं? आरएसीसमोर, म्हणजे संशोधन सल्लागार समितीसमोर, तर सहा महिन्यांचा प्रगती अहवाल आणि स्लाइडच जातात. गाईड थेट प्रकरण मागतात. त्याआधीच्या कागदांचा वाली कुणीच नसतो.

म्हणून नियम एकच कर. जिचा नंबर असेल तिनं ट्रान्सक्रिप्टची (शब्दशः उतरवलेल्या मुलाखतीची) दोन पानं किंवा एका दिवसाच्या फील्ड नोट्स (गावात टिपलेल्या नोंदी) आणायच्या, आणि सगळी बैठक त्या दोन पानांवर चालवायची. सहा ते आठ जण पुरेत. पंधरा झाले की चौघं बोलतात आणि बाकीचे मोबाइल बघतात.

हे कसं चालतं ते उदाहरणानंच सांगते. समज, ऊसतोडीला जाणाऱ्या, गर्भपिशवी काढलेल्या एका बाईचं वाक्य पानावर आहे: ‘पिशवी काढली अन् मोकळी झाले बघा. आता खाडा पडत नाही.’ सार्वजनिक आरोग्यवाली याला कोड, म्हणजे आशयाचं थोडक्यात नाव, देईल, ‘शस्त्रक्रियेबद्दल समाधान’. अर्थशास्त्रवाला लिहील, ‘खाड्याचा दंड’. दोघं तावातावानं भांडतील. भांडू दे. मतदान घेऊन मिटवू नकोस. तिसऱ्या कुणाला तरी वरची ओळ वाचायला सांग. तिथं मुलाखत घेणारीचा प्रश्न सापडतो: ‘ऑपरेशननंतर त्रास कमी झाला ना?’ त्या ‘ना’नंच उत्तर काढून घेतलंय. मग फील्ड नोट्स बघायच्या. तिथं नोंद असते की मुलाखत चालू असताना मुकादमाची (मजुरांची टोळी नेणाऱ्याची) बायको उंबऱ्यात बसून होती. आता त्या ‘मोकळी झाले’चं काय करायचं? ते खोटं ठरत नाही. पण ‘समाधान’ म्हणून मोजायलाही हात धजत नाही. पुढच्या मुलाखतीत प्रश्न बदलतो: ‘ऑपरेशन करायचं ठरलं त्या दिवशी कोण कोण होतं, काय बोलणं झालं?’ एका बैठकीतून एवढा एक प्रश्न सुधारला तरी जाण्यायेण्याचं भाडं वसूल झालं समज.

झालेला वाद त्याच दिवशी कुणी तरी लिहून ठेवावा, अर्ध्या पानाचा मेमो. पुढं पद्धतीचं प्रकरण लिहायला बसशील तेव्हा हेच मेमो कामाला येतात.

तुमच्यातला एसपीएसएसवाला, म्हणजे आकडेवारीच्या सॉफ्टवेअरवर बसणारा, पहिल्याच दिवशी म्हणेल, दोघांचे कोड किती जुळतात त्याचा कॅपा काढू. काढायचा तर काढा, पण आपण कुठल्या पंथाचे ते आधी ठरवा. कोडबुक पक्कं करून पाच जणांकडून शेकडो मुलाखती कोड करून घ्यायच्या असतील, तर कॅपा लागतो. ब्राउन आणि क्लार्क या दोघी संशोधकांच्या वळणाचं थीमॅटिक विश्लेषण (बोलण्यातले समान धागे शोधणं) करत असाल, तर तिथं संशोधकाची स्वतःची नजर हेच साधन मानलेलं आहे. दोघांचे कोड जुळलेच पाहिजेत असा आग्रह त्या दोघी धरत नाहीत. एकाच प्रबंधात दोन्ही सांगशील, तर तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमकं तिथंच बोट ठेवतील. सॉफ्टवेअरवर फार वेळ घालवू नका. एनव्हिवो परवडत नसेल तर टॅगेट किंवा क्वालकोडर फुकट मिळतात. तेही नको असेल तर रंगीत पेन्सिली आहेतच.

‘किती मुलाखती पुरे?’ हा प्रश्न मात्र दर बैठकीला येणार. ‘बारा’ हा आकडा आपल्याकडं मंत्रासारखा म्हटला जातो. तो आला २००६ सालच्या एका अभ्यासातून. घाना आणि नायजेरियातल्या बायकांच्या ६० मुलाखती तपासताना गेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की पहिल्या बारांतच बहुतेक मुद्दे येऊन गेले होते. पण त्या बायका बऱ्याच अंशी सारख्या परिस्थितीतल्या होत्या, प्रश्न ठरलेले होते आणि विषयही नेमका होता. तू जर मुकादम, तोडणी मजूर, कारखान्याचा शेतकी अधिकारी आणि गावातला डॉक्टर अशा चार तऱ्हेच्या माणसांशी बोलणार असशील, तर सगळे मिळून बारा पुरणार नाहीत. गाईडला हे पटवायला गटाचा मोठा आधार होतो. एकटीनं सांगितलं तर उद्धटपणा वाटतो.

आता मिश्र पद्धतीकडं येते, कारण खरी गडबड तिथं आहे. आपल्याकडं दोनशे प्रश्नावल्या भरून घ्यायच्या, टक्केवारी काढायची आणि शेवटच्या प्रकरणात मुलाखतींतली पाच चटकदार वाक्यं डकवायची, याला मिश्र पद्धती म्हणतात. आकडे आणि बोलणं एकमेकांशी बोललेच नाहीत, तर मिश्रण कसलं? बीडचंच घे. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. हा आकडा नसता तर दोन-चार बायकांचं बोलणं कुणी मनावर घेतलं नसतं. पण डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली की मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेना, घरात कोण काय म्हणालं, हे त्या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी बसावंच लागतं. आधी आकडा आणि मग त्याचा उलगडा करणाऱ्या मुलाखती, असा क्रम इथं शोभतो. प्रश्नावलीत नेमकं काय विचारायचं हेच ठाऊक नसेल, तर क्रम उलटा लावावा.

शिवाय आकडा कधी आणि कसा गोळा केला, तेही बोलणाऱ्यांनाच ठाऊक असतं. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. जानेवारीत घरोघर पाहणी केलीस तर उंबऱ्यावर म्हातारी माणसं आणि पोरं भेटतील, आणि तक्त्यात ते गाव म्हाताऱ्यांचं होऊन बसेल. तसाच कोयता. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तो हिशेब तसाच उचलून मजूर मोजलेस तर अर्धे, म्हणजे सगळ्या बायकाच गायब.

आकडे आणि बोलणं समोरासमोर आणायला गटात वापरण्याजोगा एक जुना उपाय आहे. मोठ्या कागदावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात सर्वेक्षणाचा निष्कर्ष, दुसऱ्यात त्याच मुद्द्यावरचं मुलाखतीतलं बोलणं, तिसरा रिकामा. ‘घरात नळ आहे’ याला जवळपास सगळे हो म्हणतात, आणि शेजारच्या रकान्यात बाई सांगते की पाणी आठ दिवसांआड येतं, तेही रात्री. दोन्ही खरं आहे. मग तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं, यावर दुपार गेली तरी चालेल.

एका बाबतीत मी कडक आहे. नाव खोडलं म्हणजे ओळख पुसली असं समजू नकोस. ‘माजी सरपंच बाई, नवरा मुकादम, थोरली पोरगी नर्सिंगला’ एवढं वाचून तालुक्यातला कुणीही घर दाखवील, आणि तुमच्यातलं कुणी ना कुणी त्या तालुक्यातलं असणारच. तपशील बदला, छापील प्रती बैठक संपताच मोजून परत घ्या, आणि ट्रान्सक्रिप्ट व्हॉट्सॲपवर टाकणाऱ्याला पुढच्या बैठकीला बोलावू नका. मुलाखतीला संमती घेताना ‘आमचा छोटा अभ्यासगट हे वाचेल’ असंही सांगायला हवं, आणि तुमच्या एथिक्स कमिटीकडं दिलेल्या अर्जातही ते असू दे.

आडनावाचंही बोलून घ्या, न लाजता. आपल्या गावांत पाणी देण्याआधी ‘कुठल्या गावचे, आडनाव काय’ हे विचारतात, आणि उत्तर ऐकून पुढचं बोलणं बदलतं. ज्या प्रदेशानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्यावरून १९७८ ते १९९४ एवढा संघर्षाचा काळ पाहिला, तिथं संशोधकाची जात मुलाखतीत शिरत नाही असं मानणं म्हणजे झोपेचं सोंग आहे. एकाच वस्तीत दोन वेगवेगळ्या आडनावांच्या सदस्यांनी घेतलेल्या मुलाखती शेजारी ठेवून वाचा. फरक दिसेल. तो दोष म्हणून लपवू नका, निष्कर्षांत लिहा.

जागेचं म्हणशील तर परभणी बरी. संभाजीनगर, नांदेड, लातूर तिन्हीकडून रेल्वे आहे. बीडकरांना एसटीनंच यावं लागेल, त्यांची पाळी उशिरा लावा. अध्यक्ष नेमू नका. चहाचे पैसे सारखे वाटून घ्या, नाही तर जो देतो तोच मग बोलत राहतो. एखाद्या गाईडला हा गट म्हणजे आपल्यावर कुरघोडी वाटेल. त्यांना एकदा येऊन बसायला सांग, पण त्यांनीही दोन पानं आणली पाहिजेत.

पहिल्या बैठकीला मला बोलवू नकोस, सगळे माझ्याकडंच बघत बसतील. तिसरी-चौथी झाली की कळव. माझ्याकडंही अर्धवट कोड केलेल्या काही मुलाखती आहेत, त्यातली दोन पानं घेऊन येते. पाळी मात्र रांगेनंच लाव.

तुझी,
मॅडम