विद्यार्थ्याला पाठवलंत, पण सोबत काय दिलंत?

‘‘चार मुलं पाठवली तुमच्याकडे. एकाच्याही लिखाणात फरक नाही. तुम्ही तिथे नक्की करता तरी काय?’’

खुर्चीत बसायच्या आधीच मॅडम हे बोलल्या. समाजशास्त्र शिकवतात, मुलांबद्दल मनापासून कळकळ आहे, आणि राग त्या कळकळीतूनच आला होता. विद्यापीठाच्या लेखन मार्गदर्शन केंद्रात, म्हणजे विद्यार्थी आपलं लिखाण घेऊन येतात आणि ट्यूटरशी त्यावर बोलतात त्या जागी, काम करताना ही तक्रार मी प्राध्यापकांकडून वरचेवर ऐकते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

बोलता बोलता दुसरी शंकाही बाहेर पडली. ‘‘आणि एखाद्याचं फारच सुधारलं, तर ते त्याचंच आहे कशावरून?’’

वरवर या दोन शंका एकमेकींच्या विरुद्ध आहेत, पण मूळ एकच: केंद्र म्हणजे चुका दुरुस्त करून मिळण्याची जागा. गैरसमज जुना आहे. १९८४ साली स्टीफन नॉर्थ या अमेरिकी प्राध्यापकांनी लेखन केंद्रांवर एक लेख लिहिला, तो सहकाऱ्यांच्या अशाच समजुतीला वैतागून. हातातला निबंध नव्हे, तो लिहिणारा घडवायचा, हा त्यांचा मुद्दा पुढे कितीतरी केंद्रांनी आपला मानला. मॅडमना मी हे सांगितलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. होणारही नव्हतं. त्यांच्यासमोर नापास होऊ घातलेली मुलं होती.

म्हणून त्या चौघांपैकी एका मुलीची परवानगी घेतली आणि तिच्या भेटीची नोंद काढली. पंचेचाळीस मिनिटांची भेट, आठ पानांचा निबंध, सबमिशन दुसऱ्या दिवशी सकाळी. ‘कशासाठी आलात?’ या रकान्यात तिने लिहिलं होतं, ‘मॅडमनी व्याकरण सुधारून घ्यायला सांगितलंय.’ मॅडमनी तसं सांगितलंच नव्हतं. आधीच्या निबंधावर त्यांचा शेरा होता, ‘लेखन कमकुवत. लेखन केंद्रात जा.’ मुलीने त्याचा तिला कळला तो अर्थ लावला. आमच्या ट्यूटरने, म्हणजे दोन वर्षं पुढच्या एका विद्यार्थ्याने, तिच्यासोबत पहिल्या दोन पानांतली वाक्यं नीट केली. तेवढ्यात वेळ संपली.

चूक आमचीही होती. भाषेला हात लावण्याआधी ‘प्रश्न काय दिलाय?’ हे विचारायला हवं होतं. मुद्दा, पुरावा, मांडणी आधी. वाक्यरचना आणि शुद्धलेखन नंतर, हा क्रम आम्ही ट्यूटरना पहिल्याच दिवशी शिकवतो. उद्या जो परिच्छेदच काढून टाकायचा आहे, त्यातले ऱ्हस्व-दीर्घ आज सुधारण्यात कुणाचाच फायदा नसतो. पण घाबरलेलं मूल समोर बसलं की ते मागेल ते देण्याचा मोह होतो.

मग आम्ही प्रश्न वाचला. ‘स्थलांतर आणि कुटुंबसंस्था यांवर चिकित्सक चर्चा करा.’ मी विचारलं, ‘‘मॅडम, याचं उत्तर तुम्हीच लिहायला बसलात, तर पहिल्या पानावर काय असेल?’’

त्या दहा मिनिटं बोलल्या, फार सुंदर बोलल्या. अभ्यासलेल्यांपैकी दोन अभ्यासकांची मतं शेजारीशेजारी ठेवायची, ते कुठे वेगळे होतात ते शोधायचं, आपण कुणाच्या बाजूला झुकतो आणि कोणत्या पुराव्यावर, हे सांगायचं. मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि तो कागद प्रश्नाशेजारी ठेवला. यातला एकही शब्द प्रश्नात नव्हता.

‘‘हे मी वर्गात सांगते,’’ त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, ‘‘सांगते असं मला वाटतं.’’

पुढच्या सेमिस्टरला त्यांनी जे केलं त्यात अवघड काही नव्हतं. प्रश्न आणि गुणांचे निकष लेखी करून केंद्राकडे आधीच पाठवले. कच्चा खर्डा अंतिम तारखेच्या दोन आठवडे आधी मागितला. एका तासाला दहा मिनिटं ट्यूटरला वर्गात बोलावलं आणि हुशार मुलांनाही जायला सांगितलं, त्यामुळे केंद्राला चिकटलेला शिक्षेचा वास बराच गेला. पण माझ्या मते सगळ्यांत मोलाचा बदल शेऱ्यात झाला. ‘लेखन कमकुवत’ऐवजी आता चिठ्ठी येते, ‘तिसऱ्या पानावर दावा आहे, त्याला आधार नाही. एवढंच घेऊन जा.’ अशी एक ओळ हातात असली की पंचेचाळीस मिनिटं खूप होतात.

जाण्याची सक्ती करावी का, गुण ठेवावेत का, हेही त्यांनी विचारलं. पहिल्या भेटीपुरती सक्ती मला चालते. न कळलेल्या दारात कुणी आपणहून जात नाही. मात्र अख्ख्या वर्गाला एकाच आठवड्यात पाठवायचं असेल, तर आधी केंद्राला विचारा. नाहीतर वेळाच मिळत नाहीत, आणि ज्यांना खरी गरज आहे ती मुलं रांगेत मागे राहतात. भेटीत काय झालं याचा अहवाल प्रत्येक केंद्र शिक्षकांना देत नाही. आमच्याकडे तो विद्यार्थ्याने हो म्हटलं तरच जातो, आणि ते तसंच राहावं असं मला ठामपणे वाटतं. आपलं अर्धंकच्चं लिखाण शिक्षकांपर्यंत पोचणार नाही, हा भरवसा असेल तरच मूल ‘मला हा प्रश्नच कळला नाही’ असं मोकळेपणाने म्हणतं.

‘ते त्याचंच आहे कशावरून?’ या शंकेवर उपाय मॅडमनीच काढला. अंतिम निबंधासोबत पहिला खर्डा आणि काय बदललं, का बदललं याच्या पाच ओळी जोडायच्या. आमच्याकडे लेखणी विद्यार्थ्याच्याच हातात असते. तो मोठ्याने वाचतो, अडखळतो तिथे थांबतो, ट्यूटर विचारतो. त्यामुळे बदलाचं कारण त्याला सांगता येतं. दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्याला त्या पाच ओळी जड जातात.

सगळीच मुलं सुधारली असं नाही. दोघं आलीच नाहीत. ती मुलगी मात्र तीनदा आली, आणि तिसऱ्या वेळी रकान्यात तिने लिहिलं, ‘माझे दोन मुद्दे एकमेकांना खोटे पाडतायत का, ते बघायचंय.’

परवा मॅडम स्वतः वेळ घेऊन आल्या. पुढच्या असाइनमेंटचा प्रश्न त्यांनी ट्यूटरसमोर ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘वाच, आणि तू काय लिहिशील ते सांग.’’ त्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि भीतभीत विचारलं, ‘‘मॅडम, इथे ‘भाष्य करा’ म्हणजे नेमकं काय करायचं?’’

त्यांनी पेन काढून ते दोन शब्द खोडले.