पुण्याच्या वाघोलीपर्यंत मेट्रो कधी येईल? तिच्या भरवशावर तिथे आत्ता घर घ्यावं का?

मेट्रो येणार, पण हिशोब २०३० नंतरचाच धरा. त्याआधीच्या प्रवासासाठी मेट्रोवर विसंबू नका. रामवाडी ते वाघोली (विठ्ठलवाडी) या ११.६३ किमीच्या, ११ स्थानकांच्या उन्नत मार्गाला केंद्राची मंजुरी जून २०२५ मध्ये मिळाली. मुदत चार वर्षांची. पुण्यात मात्र मुदत आणि प्रत्यक्ष काम यांत नेहमीच अंतर पडतं: पहिल्या टप्प्याचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं आणि जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा शेवटचा तुकडा सुरू झाला सप्टेंबर २०२४ मध्ये. खांब उभे करायला फार वेळ जात नाही, वेळ जातो तो जिन्यांसाठी लागणाऱ्या जागेत आणि जमिनीखालच्या जलवाहिन्या, वीजतारा हलवण्यात. शिवाय काम चालू असताना नगर रस्त्याच्या मार्गिका अडवल्या जातील, म्हणजे मधली काही वर्षं आजच्यापेक्षा जास्त कोंडीची. घर घेणारच असाल तर 'मेट्रोजवळ' या जाहिरातीवर जाऊ नका. नियोजित स्थानकाच्या जिन्यापर्यंत स्वतः चालून बघा. दहा मिनिटांच्या वर लागत असतील तर स्थानकापर्यंत नेणारी पीएमपीची (शहर बससेवेची) जोडबस लागेलच, आणि ती वेळेवर नसली की माणूस पुन्हा दुचाकी काढतो. एक अपवाद: सध्या रामवाडी स्थानकापर्यंत थेट बस किंवा दुचाकीने रोज सहज पोचता येत असेल, तर नव्या मार्गासाठी थांबायची गरज नाही, तिथून वनाझपर्यंतची मेट्रो आजही चालू आहे.