कार सीट आणली, पण पोरगी नीट बांधलीय का?

प्रश्न: आमची मुलगी 11 महिन्यांची आहे, वजन साडेआठ किलो. माहेर ठाण्याला, त्यामुळे कसारा घाटातून सारखं येणं-जाणं असतं. कार सीट घेतलीय पण हे म्हणतात आता तिचं तोंड पुढे करू, पाय दुमडतात. आणि सासूबाई म्हणतात पट्टे कशाला एवढे आवळता, माझ्या मांडीवर द्या. काय करू?
– एक आई, पाथर्डी फाटा, नाशिक

उत्तर: ताई, मांडीचा विषय आधी संपवू. गाडी पन्नासच्या स्पीडला धडकली तर साडेआठ किलोचं बाळ पैलवानाच्याही हातात राहत नाही, सासूबाईंची माया कितीही खरी असली तरी. शिवाय मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीपासून 14 वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर 1000 रुपये दंड आहे.

तोंड पुढे करायची घाई नको. या वयात डोकं जड आणि मान कच्ची, समोरून धडक बसली की पट्टे अंग धरून ठेवतात पण डोकं जोरात पुढे फेकलं जातं, तेच तोंड मागे असलं की पाठ, मान, डोकं सगळं सीटच्या पाठीवर एकदम टेकतं. युरोपातल्या नव्या नियमात तर किमान 15 महिने मागेच तोंड ठेवायला सांगितलंय. पाय दुमडले तर दुमडू देत, मांडी घालून बसेल ती. सीटच्या पुस्तकातली वजन-उंचीची मर्यादा तेवढी बघा. आणि पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असताना अशी उलटी सीट कधीच लावायची नाही.

आता पट्टे, खरी गडबड इथेच होते. खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरून बघा, घडी पडली म्हणजे सैल आहे, अजून ओढा. तोंड मागे असताना पट्टा खांद्याच्या लेव्हलला किंवा किंचित खालच्या खाचेतून यायला हवा. आपल्याकडे थंडीत पहाटे निघताना पोरांना जाड जॅकेट घालतात, वरून पट्टा घट्ट वाटतो पण धडकेत जॅकेट दबतं आणि आत चांगली पोकळी होते, म्हणून पातळ स्वेटर घाला, पट्टे लावा, मग वरून गोधडी. सीटही जिथून बेल्ट जातो तिथे धरून हलवा, इंचभरापेक्षा जास्त हलली तर परत बसवा.

सासूबाईंना मागे तिच्या शेजारीच बसवा. रडली तर पट्टे सैल करायचे नाहीत, घोटीला नाहीतर इगतपुरीला गाडी थांबवून जरा खेळवा आणि परत बसवताना पट्टा पुन्हा चिमटीत धरून बघा.