वाचकांचे प्रश्न : घरातले संगणक एकमेकांना सापडत नाहीत तेव्हा

प्रश्न : चोपड्यात खाली आमचे कृषी सेवा केंद्र आणि वर राहते घर आहे. दुकानातल्या संगणकावरचे बिलांचे व उधारीचे फोल्डर मी रात्री वरच्या लॅपटॉपवर उघडून तपासत असे. धाब्याच्या जाड भिंतींमुळे वर सिग्नल पोहोचत नव्हता, म्हणून केबल ओढून वर दुसरा राउटर बसवला. आता इंटरनेट दोन्हीकडे उत्तम चालते, पण दुकानाचा संगणक लॅपटॉपवर दिसेनासा झाला आहे. फायरवॉल पूर्ण बंद करावी, असे एका परिचिताने सुचवले. तसे करावे का?

उत्तर : कृपया तसे करू नका. ज्या संगणकावर शेतकऱ्यांच्या उधारीच्या नोंदी आहेत, त्याचे संरक्षण काढून घेणे हा उपाय नव्हे. शिवाय तुमची अडचण त्याने सुटेल असेही मला वाटत नाही, कारण ती नव्या राउटरच्या जोडणीतून आलेली दिसते.

इंटरनेट चालते याचा अर्थ एवढाच, की प्रत्येक यंत्राला बाहेर जाण्याची वाट मिळाली आहे. दोन्ही यंत्रे एकाच नेटवर्कवर आहेत असे त्यावरून ठरत नाही. ते तपासण्यासाठी दोन्हीकडे ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा रोमन अक्षरांत सलग टाइप करावी आणि ‘आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस’समोरचा पत्ता कागदावर उतरवून घ्यावा. दुकानात १९२.१६८.१.७ आणि वर १९२.१६८.०.४ असे काही आले, म्हणजे तिसरा आकडा वेगळा निघाला, तर घरगुती राउटरच्या नेहमीच्या मांडणीत ही दोन वेगळी नेटवर्क ठरतात. केबल नव्या राउटरच्या ‘वॅन’ पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या खाचेत, लावली, की तो आपल्यामागे स्वतंत्र नेटवर्क उभे करतो आणि स्वतःच पत्ते वाटू लागतो. संगणक आपली हजेरी ज्या संदेशांनी कळवतात ते राउटर ओलांडत नाहीत, म्हणून ‘नेटवर्क’च्या यादीत दुकान दिसत नाही. अशा जोडणीची आणखी एक खूण आहे : लॅपटॉपवरून दुकानाच्या पत्त्याला ‘पिंग’ केल्यास (म्हणजे उत्तर येते का ते पाहणारी आज्ञा दिल्यास) बहुधा उत्तर येते, पण दुकानातून लॅपटॉपला केल्यास येत नाही, कारण वरच्या राउटरमागच्या पत्त्यांकडे जाणारी वाट दुकानातल्या राउटरला ठाऊक नसते. (एखाद्या यंत्राचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. मग आधी केबल किंवा वाय-फायची जोडणी पाहावी, पुढचे सारे त्यानंतर.)

नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडावा; त्यात राउटर वेगळे नेटवर्क न उभारता पहिलेच पुढे नेतो, तेवढ्याने काम होते. नसेल, तर आधी त्या राउटरचा स्वतःचा पत्ता पहिल्याच्या रांगेतला, पण अन्य कोणाला दिला न जाणारा ठेवावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२, मग त्याची ‘डीएचसीपी’ ही पत्ते वाटण्याची सोय बंद करावी आणि शेवटी केबल ‘वॅन’मधून काढून घरातल्या यंत्रांसाठीच्या ‘लॅन’ पोर्टमध्ये लावावी. हा क्रम पाळणे महत्त्वाचे आहे, कारण केबल आधी हलवली तर एकाच नेटवर्कवर दोन राउटर पत्ते वाटू लागतात आणि गोंधळ वाढतो. त्यानंतर लॅपटॉपचे वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करावे.

एवढे करूनही फोल्डर उघडले नाही, तर विंडोजकडे वळावे. वाय-फायचे नाव नवे असले की विंडोज त्या नेटवर्कला बहुधा ‘पब्लिक’ समजते आणि संगणक इतरांपासून लपवते. आपल्या घराचे नेटवर्क दोन्ही संगणकांवर ‘प्रायव्हेट’ करावे आणि ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ व ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू ठेवावे. फायरवॉल चालू असतानाच ती आपल्या घरापुरती वाट मोकळी करते. लॅपटॉप राउटरच्या ‘गेस्ट’ वाय-फायवर जोडलेला नाही ना, हेही पाहावे, कारण पाहुण्यांसाठीचे ते नेटवर्क घरातल्या यंत्रांपासून मुद्दामच वेगळे ठेवलेले असते. यादीची वाट न पाहता ‘रन’मध्ये दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे दुकानाच्या संगणकाचा पत्ता लिहून पाहावे : त्याने फोल्डर उघडले तर जोडणी ठीक आहे, अडचण केवळ नाव सापडण्याची आहे. जुन्या लेखांतला ‘होमग्रुप’चा सल्ला मात्र सोडून द्यावा; ती सोय विंडोज १० मधून २०१८ सालीच काढली गेली.

प्रश्न : पारोळ्याला आमच्याकडे लाइट जाऊन आली, की कधी कधी वाय-फाय प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतो. तो काढून पुन्हा जोडला की चालतो. दर वेळी हे करणे टळेल का?

उत्तर : टळेल. राउटर यंत्रांना पत्ते ठरावीक मुदतीसाठी देतो. वीज आल्यावर सारी यंत्रे एकदम जागी होतात, काही राउटर आधीच्या नोंदी विसरलेले असतात आणि प्रिंटरच्या वाट्याला दुसराच पत्ता येतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो. राउटरच्या ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’मध्ये प्रिंटरचा ‘मॅक अ‍ॅड्रेस’ (यंत्राचा ठरलेला ओळख क्रमांक) निवडून त्याला कायमचा एक पत्ता राखून द्यावा. राउटरसाठी छोटा यूपीएस घेतल्यास आणखी बरे. घेताना अ‍ॅडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहावेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात राउटर पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. तापलेले उपकरण मध्येच बंद पडून सुरू होऊ लागले, तर वीज न जाताही हाच त्रास सुरू होतो.

प्रश्न : शिरपूरच्या आमच्या घरातला दुसरा संगणक दिसतो, पण उघडताना नाव आणि पासवर्ड विचारतो. रोजचा चार आकडी पिन टाकला तर नाकारतो. असे का?

उत्तर : पिन फक्त त्याच संगणकासमोर बसून वापरण्यासाठी असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. तिथे ज्या संगणकावर फोल्डर आहे त्याच्या खात्याचे नाव आणि खरा पासवर्ड द्यावा लागतो. तो कोणाला सांगायचा नसेल, तर त्या संगणकावर पासवर्डसह एक वेगळे साधे खाते उघडावे, त्या खात्याला हव्या त्या फोल्डरची परवानगी द्यावी आणि दुसऱ्या संगणकावरून त्याच नावाने जोडावे.